बारीक अक्षरांतली साखर

बाईंचं निम्मं आयुष्य बारीक अक्षरांत गेलं होतं. लेबलं छापणाऱ्या कारखान्यात त्या प्रुफं तपासायच्या. डब्यावर, बाटलीवर, खोक्यावर चिकटणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या भिंगाखालून जायचा. वेलांटी चुकली, की लाल पेन चाललाच. मशिनवरची माणसं म्हणायची, "बाईंच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही."

अशा बाईंच्या घरात गोडाची चोरी होत होती, आणि ती काही केल्या सापडत नव्हती.

नवरा बसड्रायव्हर. तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच वर्षी मधुमेह मागे लागला. माणूस मात्र जिद्दीचा. चहात तीन चमचे साखर घेणारा तो, पण एका सकाळी सोडली ती सोडलीच. गोळ्या वेळच्या वेळी, संध्याकाळी बागेला चार फेऱ्या. तरी रिपोर्टातला आकडा आपला चढताच.

"गोड कुठून खाताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शप्पथ सांगतो, जिभेला लावत नाही."

डॉक्टरीणबाईंनी नुसतं बाईंकडे पाहिलं. तेवढ्यानं बाईंच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला.

त्यांनी साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद केला. धुवायच्या आधी शर्टाचे खिसे उलटे करून पाहू लागल्या. लेकीला फोन लावला, मग लेकीनं बापाला फोनवर फैलावर घेतलं. "अगं, मी काही खात नाही," एवढंच तो म्हणत राहिला. बाई म्हणाल्या, "चोराच्या उलट्या बोंबा!"

आणि एका संध्याकाळी त्यांनी कहर केला. त्याच्या पाठोपाठ बागेत गेल्या आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला थेट विचारलं, "हे इथं गोड खातात का हो?"

बाकावर त्याचे चार मित्र बसले होते. चहावाला अवघडून म्हणाला, "नाही हो बाई. साहेब बिनसाखरेचाच घेतात. बिस्किटसुद्धा परत करतात."

नवरा बाकावर न बसताच मागे फिरला. मान खाली घालून घरी आला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं बागेत जाणं बंद झालं, आणि बोलणंही. ताट समोर आलं की जेवायचं आणि खिडकीशी बसायचं. बाईंना आतून टोचत होतं, पण आकडा खोटं बोलत नाही, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या.

दोनेक आठवड्यांनी कारखान्यात फळांच्या रसाच्या खोक्याचं प्रूफ आलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'रोजची ताकद, फळांची ताकद'. मागच्या तक्त्यात एका ग्लासाला साखर २.१ ग्रॅम छापली होती. बाईंनी मूळ कागदाशी ताडून पाहिलं. तिथं २१ होते. टिंब चुकून पडलं होतं. त्यांनी लाल पेनानं ते उडवलं, समासात सही केली आणि पुढच्या ओळीवर गेल्या. मग पेन तसाच हातात राहिला.

हाच रस. रोज सकाळी त्या स्वतःच्या हातानं नवऱ्याला काठोकाठ भरून देत होत्या. साखर सुटली, अंगात ताकद कुठून येणार, म्हणून.

"चमचाभर साखर म्हणजे किती ग्रॅम हो?" त्यांनी शेजारच्या मशिनवाल्याला विचारलं.

"चार धरा."

पाच चमचे! तेही उपाशीपोटी.

इतकी वर्षं त्यांनी अक्षरं तपासली होती, वाचलं काहीच नव्हतं.

त्या दिवशी रजा टाकून त्या दुपारीच घरी आल्या. फडताळ रिकामं केलं आणि भिंग घेऊन टेबलाशी बसल्या. टोमॅटो सॉसमध्ये साखर. सुपाच्या पाकिटात साखर. फळाच्या चवीच्या दह्यात तर दुधाखालोखाल तीच. 'पौष्टिक' म्हणून आणलेल्या तपकिरी पावात ग्लुकोज सिरप, सकाळच्या मक्याच्या कुरकुरीत पोह्यांत मध आणि माल्ट. जिथं नाव साखर नव्हतं, तिथं तिचे भाऊबंद होते.

नवरा खोलीतून बाहेर आला. "काय मांडलंय हे?"

"चोर सापडला."

"कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. "अहो, मीच रोज पाजत होते तुम्हाला. आणि चारचौघांत अब्रू घालवली ती तुमची."

तो खुर्ची ओढून बसला. सॉसची बाटली हातात फिरवली. मग म्हणाला, "बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, मीच झोपेत उठून काही खातो की काय. दोनदा उठून कपाटाचं कुलूप तपासलं मी."

हे ऐकून बाईंना जे रडू आलं, ते थांबेचना. त्यानंच उठून त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "चला, बागेत जाऊ."

"कशाला? झालं ते झालं."

"चारचौघांत बोलले, आता चारचौघांतच परत घेते."

बाकावर तेच चौघे होते. बाई चहावाल्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्या दिवशी मी यांच्यावर आळ घेतला. चूक माझी होती. यांनी कधी चोरून खाल्लं नाही." आणि रसाच्या खोक्याची सगळी हकीकत सांगितली. चौघांतला एकजण कानकोंडा होऊन म्हणाला, "वहिनी, आमच्या घरी पण तोच येतो हो." नवरा पहिल्यांदाच हसला आणि त्याला सरकवून बाकावर जागा करून बसला.

रस आणि ती पाकिटं घरात यायची बंद झाली. तीन महिन्यांनी आकडा उतरला. हवा तेवढा नाही, पण उतरला. "गोळ्या चालूच ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि नुसतं 'गोड खाता का' एवढंच विचारलं मी, रसाचं-सॉसचं विचारलंच नाही, ते माझंही चुकलंच." फळाच्या दह्याच्या जागी आलेलं साधं दही नवऱ्याला अजिबात आवडत नाही. तोंड वाकडं करून, बायकोच्या नावानं खडे फोडत तो वाटी संपवतो, आणि बाई गुमान ऐकून घेतात.