एकास सहा, एकास तीन

कवळीकार दात करायचा. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि एका लहानशा बर्नरच्या संगतीत त्याची सव्वीस वर्षं गेली होती, आणि आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातून घडलेलं होतं. कवळी टोचली की लोक कवळीकाराच्या नावाने बोटं मोडत आणि नीट बसली की दंतवैद्याचे आभार मानत. कवळीकाराला त्याचं काही वाटत नसे. त्याचा जीव दुसरीकडे गुंतलेला होता.

त्याच्या घरी बाहेरच्या खोलीत, ऊन लागून रंग उडणार नाहीत अशा बेताने, काचेचं एक कपाट उभं होतं. त्यात कॉमिकमधल्या पात्रांचे बावीस पुतळे. उडणारे, लढणारे, हाताची घडी घालून नुसतेच रागावलेले. पण सगळे एका मापाचे, एकास सहा. म्हणजे कागदावर जो माणूस सहा फुटांचा, तो कपाटात एक फुटाचा. कप्पेही त्याने मुद्दाम त्याच उंचीचे करून घेतले होते.

पुतळे विकणाऱ्या दुकानाचा मालक दिवसभर खोक्यांच्या ढिगात बसायचा, म्हणून सगळे त्याला खोकेवाला म्हणत. रविवारी सकाळी त्याच्याकडे पाचसहा शौकीन जमत आणि मापावरून वाद रंगत. त्यात कवळीकाराचं म्हणणं ठरलेलं असे.

"एकास दहा म्हणजे केकवर ठेवायची बाहुली," तो म्हणायचा. "आणि एकास चार, एकास तीन हे घरात आलेले पाहुणे. जाता येता त्यांची ठेच लागते. एकास सहा घरातलाच वाटतो. त्याच्याकडे बघावंसं वाटतं आणि तो आपल्या अंगावरही येत नाही."

किमतीबाबतही त्याचा नियम होता. जो आकडा बायकोला घसा न खाकरता सांगता येईल, तेवढ्याचाच पुतळा घ्यायचा. त्यामुळे मंडळी त्याला 'सहावे' म्हणूनच हाक मारत, आणि या नावाचा त्याला मनातून अभिमान होता.

त्याची बायको कपडे अल्टर करायची. मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, लग्नातला कोट वीस वर्षांनी पुन्हा अंगात शिरेल असा करणं, ही तिची कामं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिने त्याची कंबर नजरेनेच मोजलेली असे. नवऱ्याच्या पुतळ्यांत मात्र तिने कधी डोकं घातलं नव्हतं. महिन्यातून एकदा ती कपाटाची काच पुसायची आणि "तुमची पलटण बरी आहे ना?" असं विचारायची, तेवढंच.

कवळीकाराला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तो कामावरून घरी आला, तर बाहेरच्या खोलीत शिवणयंत्राच्या टेबलाएवढं खोकं. बायको आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे त्याची मेव्हणी, खोक्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. खोकं तिसऱ्या मजल्यावर चढवून दोघींना घाम फुटला होता.

"उघडा," बायको म्हणाली.

त्याने कात्रीने चिकटपट्टी कापली. थर्मोकोलचा वरचा भाग उचलला आणि आत बघितलं. आत भोवरा होता.

भोवरा म्हणजे त्याच्या लहानपणीचा वीर. दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा एक किडकिडा माणूस. टाचेवर तीन गिरक्या घेतल्या की त्याचं वादळ व्हायचं, पाठीवरची केप गरगरायची आणि चोरांची दाणादाण उडायची. गालगुंड झालेल्या महिन्यात कवळीकाराने अंथरुणात पडून त्याचे सगळे अंक दोनदोनदा वाचले होते. कपाटातही मधल्या कप्प्यात एक भोवरा होताच. पण खोक्यातला हा भोवरा एकास तीनचा होता. उभा केला तेव्हा पायथ्यासकट त्याच्या मांडीपर्यंत आला. वजन अठरा किलो. केप अशी चौफेर उधळलेली की टीव्हीजवळच्या बैठ्या टेबलावर ठेवल्यावर टीव्हीचा एक कोपरा तिच्याआड गेला.

"कसा आहे?" मेव्हणीने विचारलं.

"सुरेख," तो म्हणाला. "सुरेखच."

"केवढ्याला पडला विचारू नका हं," बायको म्हणाली. "शाळेच्या गायनवृंदाचे चाळीस झगे शिवले ना, त्याचे आहेत. माझे मी कमावलेले."

तो हसला. पण वीस वर्षं ज्या मापाच्या विरोधात तो रविवारी भांडत आला, तेच माप आता घरात येऊन उभं राहिलं होतं, आणि तेही बायकोच्या कष्टाच्या पैशांनी.

पुढचे तीन आठवडे त्याने मनापासून प्रयत्न केला. सकाळी चहा घेऊन तो भोवऱ्यासमोर बसायचा. भोवरा त्याच्याकडे बघायचा. दोघांनाही काही सुचायचं नाही. केपच्या टोकाला त्याचं कोपर दोनदा लागलं. शिवाय केपची उजवी कड डावीपेक्षा बोटभर खाली आलेली होती. दाताची कड केसभर चुकली तरी ज्याला झोप येत नाही, त्याला ही कड दिसत राहिली. एवढी किंमत घेऊन साधी कड सरळ करता येऊ नये, असं त्याच्या मनात येई. पण हे सगळं बोलायचं कोणाजवळ? रविवारी खोकेवाल्याकडे जाणंही त्याने टाळलं.

बायकोच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. एका सकाळी पावाला लोणी लावता लावता ती म्हणाली,

"तुम्हाला तो आवडलेला नाही."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही त्याला वळसा घालून चालता. कपाटापुढे उभे राहता, त्याच्यापुढे नाही. माझं गिऱ्हाईक असं वागलं की मी समजते, बाही चुकली."

कवळीकाराने कप खाली ठेवला. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण संसाराच्या पंचवीस वर्षांत त्याला ते कधी जमलं नव्हतं.

"फार मोठा आहे गं," तो म्हणाला.

तिने लोण्याची सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "खोकेवाल्याने सांगितलं होतं मला. म्हणाला, वहिनी, ते छोटेच घेतात. मला वाटलं, घरासाठी मन मारून छोटे घेतात. पोरीच्या फिया, माझं दुकान, तुमच्या आईचं आजारपण. म्हटलं, एकदा तरी या माणसाला मोठा मिळू दे."

ते अगदीच खोटं नव्हतं. पहिला पुतळा घेतला तेव्हा एकास सहाच परवडत होता, हे त्याला आठवलं. मग दुसराही तसाच घेतला. नंतर कधीतरी तेच माप चांगलं वाटू लागलं, मग तेच खरं वाटू लागलं, आणि रविवारच्या वादांत तर तो त्याचा बाणाच झाला. खिसा कुठे संपला आणि आवड कुठे सुरू झाली, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"सुरुवातीला तसंच होतं," तो म्हणाला. "आता तसं नाही. आता मला खरंच छोटे आवडतात."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं. गिऱ्हाईकसुद्धा तोंडावर सांगतं."

"तू एवढे झगे शिवलेस."

"झगे मी शिवले, म्हणून तुम्ही तीन आठवडे कोपर आपटून घेतलंत?" ती म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनेच खोकेवाल्याला फोन केला. तो भला माणूस. म्हणाला, "आणा शनिवारी. त्याच्या बदल्यात एकास सहाचे तीन देतो. सहाव्यांना आनंद होईल."

शनिवारी सकाळी दोघांनी भोवऱ्याला गोधडीत गुंडाळून सामान वाहायच्या ढकलगाडीवर बांधलं. केप खोक्यात परत बसेना, म्हणून खोकं घरीच ठेवलं. वाटेत तिचं दुकान लागत होतं. एका बाईंना कोट द्यायचा होता, तेव्हा दहा मिनिटं थांबायचं ठरलं. दुकान एवढंसं, भोवऱ्याला खाली ठेवायला जागा नव्हती. शेवटी तिने दर्शनी खिडकीतले दोन हँगर काढले आणि दोघांनी मिळून त्याला तिथे टेकवलं. गोधडी काढली, कारण ती बाहेरून चिंध्यांसारखी दिसत होती.

कोटवाल्या बाईंना कपडे घालून बघायचे होते, म्हणून कवळीकार बाहेर आला. गल्ली ओलांडून समोर किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसला आणि सहज मान वर केली.

खिडकीत भोवरा होता. गल्लीपलीकडे, काचेमागे, मागच्या भिंतीवरच्या दोऱ्यांच्या रिळांसमोर. मुद्दाम कोणी मापून ठेवावा तसा तो दिसत होता. कवळीकाराने एक डोळा मिटला आणि हात लांब करून अंगठा धरला. घरी खुर्चीत बसून कपाटातला भोवरा तो अंगठ्याने असाच मोजायचा. डोक्यापासून टाचेपर्यंत तोच हिशेब आला. दुप्पट मोठा आणि दुप्पट लांब. उठून चार पावलं मागे गेला, पुढे आला, पुन्हा बसला. या अंतरावरून भोवरा खरंच फिरत असल्यासारखा वाटत होता, आणि त्याला बघून पंधरावीस दिवसांत पहिल्यांदा कवळीकाराचं मन हलकं झालं.

"काय बघताय?" किल्लीवाल्याने कानसीवरून नजर न काढता विचारलं.

"काही नाही. माझा पुतळा."

"बरा दिसतोय."

बाई कोट घेऊन गेल्या. कवळीकार आत आला, तर बायको गुडघ्यावर बसून भोवऱ्याच्या केपवरून बोट फिरवत होती. चष्मा कपाळावरून नाकावर आला होता.

"हे कोणी केलंय?" तिने विचारलं.

"कंपनीत असतात शिल्पकार. का?"

"याला शिवण येते. हे बघा, कापड उरेब धरलंय. तिरपं. म्हणून घडी अशी गोल पडते. सरळ कापलेलं असतं तर ताठ उडालं असतं, पुठ्ठ्यासारखं."

"पण कड बघ ना. उजवीकडे बोटभर खाली आली आहे. चुकलाय तो."

"चुकलाय कसला," ती म्हणाली. "उरेब कापड लोंबतं. टीप घालायच्या आधी दिवसभर टांगून ठेवावं लागतं, मग कड कापायची. हा घड्याळवाला ना तुमचा? केप त्याने स्वतःच शिवली असणार. टांगायला धीर धरला नाही, म्हणून कड खाली आली. शिल्पकाराने तेवढंही दाखवलंय."

कवळीकार तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला. पहिल्याच अंकात घड्याळवाला एका बैठकीत पडद्याच्या कापडाची केप शिवतो, ते चित्र त्याला आठवलं. बायकोने तो अंक कधी हातातही घेतला नव्हता. तिने बोट टेकवलं तिथे त्याने वाकून बघितलं. कडेला टाके होते, बारीक आणि थोडे वाकडे, घाईत घातलेले. तीन आठवडे पुतळा घरात होता आणि ते त्याला दिसले नव्हते.

"छोट्यात हे दिसलं नसतं," तो हळूच म्हणाला.

"छोट्यात करायला जागाच कुठे असते?"

तिने खिडकीतून काढलेले दोन हँगर उचलले. मग ती म्हणाली, "हँगर दुसरीकडे लावता येतील मला."

"राहू दे म्हणतेस?"

"तुम्ही समोरून बघा, मी जवळून बघते. खोकेवाल्याला फोन तुम्ही करा. मला शब्द फिरवायला लाज वाटते."

खोकेवाला फोनवर खो खो हसला आणि त्याने तीन छोटे पुतळे परत मांडणीवर ठेवले.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने कपाट उघडलं आणि बावीस पुतळ्यांच्या पाठी एकेक करून तपासल्या. कवळीकार खुर्चीत बसून निकालाची वाट बघत होता. "हा पडदा आहे, केप नाही," ती एकाला म्हणाली. "याचा गळा आवळला जाईल. याच्या पँटला शिवणच नाही, हा ती घालतो कशी?" बाविसांतले चार पास झाले. कवळीकाराने आपल्या पलटणीची बाजू घेतली, आवाज जरा चढवलाही, पण मनातून त्याला इतकं बरं वाटत होतं की वाद संपूच नये.

पुढच्या रविवारी ती त्याच्याबरोबर खोकेवाल्याकडे गेली. मंडळींसमोर तिने ठणकावून सांगितलं की एकास तीनपेक्षा लहान पुतळ्याला कपडे घालण्यात अर्थ नाही. कवळीकार एकास सहावरून हलला नाही. मंडळींनी खुर्च्या जवळ ओढल्या.

भोवरा खिडकीत राहिला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कवळीकार दहा मिनिटं किल्लीवाल्याच्या बाकावर येऊन बसू लागला. एका दुपारी बाकावरून उठून तो बायकोला डबा द्यायला दुकानात गेला, तेव्हा एक आजोबा पँट आखूड करायला आले होते आणि खिडकीतला हा कोण, असं विचारत होते.

"तो भोवरा," बायको टाचण्या ओठांत धरून म्हणाली. "शिंपी होता. दिवसभर कपडे शिवायचा आणि कोणी त्रास दिला की गिरक्या घ्यायचा."

"शिंपी?" आजोबा म्हणाले. "वा."

कवळीकाराने तोंड उघडलं, पण मग मिटलं. डबा टेबलावर ठेवला, बायकोकडे बघून मान हलवली आणि कामावर जायला निघाला.