काहील जळत होती तेव्हा

चूक माझीच. मार्चमधला पहिला मंगळवार म्हणजे गावसभा, आणि नेमकं त्याच दिवशी ऊन पडून मेपलच्या झाडांना पाकासाठी आटवायचा गोड रस सुटला. तासाभरात परत येते म्हणून गुऱ्हाळाच्या भट्टीत लाकडं कोंबली, काहील रसानं भरली आणि सभेला आले.

गावातल्या झऱ्याचं पाणी बाटलीबंद पाण्याच्या कंपनीला उपसू द्यायचा ठराव पहिला होता. कंपनीनं कुणाकुणाला पढवलं होतं कुणास ठाऊक, तो सरकवून शेवटी टाकला. जेवणं झाली तशी आमची, म्हणजे विरोधातली, निम्मी माणसं आपापल्या काहिलीकडे पळाली. मला उठताच येईना.

झरा माझ्या धाकट्या भावाच्या, अर्माँच्या रानात. करारावर त्यानं सही केलेली. कंपनीनं चाचणीला आठ दिवस पंप चालवला, आणि उतारावरची माझी विहीर तळाला गेली. बावीस गायींना मी दुसऱ्याच्या दारातून पाणी आणलं. अर्माँ म्हणाला, "तुझ्यासारखीच म्हातारी झालीय ती विहीर." चार वर्षं आम्ही धड बोललेलो नाही.

"मतदान सुरू," सभा चालवणारा एव्हरेट म्हणाला. "आता थांबायचं नाही. उभं राहील तो मोजला जाईल. बरोबरी झाली तर मत माझं." आणि त्याचं मत कुठे जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तेवढ्यात आगीचा भोंगा वाजला.

आग विझवणारे गावचेच नऊ गडी, नऊही माझ्या बाजूचे. त्यांचा प्रमुख, दहावा, अर्माँ. बाकाखालचं शिरस्त्राण उचलून तो खिडकीशी गेला. टेकडीवर काळा धूर होता.

"कोलेट, तुझं गुऱ्हाळ!"

बाबांनी बांधलेलं गुऱ्हाळ ते.

"आत कुणी आहे?"

"कुणी नाही. गोठाही लांब आहे."

"चला रे!"

नऊ गडी उठले. ते दाराबाहेर गेले की खेळ खलास.

"बसा खाली!" मी किंचाळले. "जळतंय ते माझं आहे. जळू दे!"

"वेड लागलंय का तुला? बाबांचं आहे ते!"

"गुऱ्हाळ परत बांधीन. पाणी कुठनं आणू रे, सांग ना!"

अर्माँनं माझ्याकडे बघितलं. मग शिरस्त्राण मांडीवर घेऊन तो बाकावर बसला आणि त्याच्यामागून नऊही जण बसले.

"ठरावाच्या बाजूचे उभे राहा."

एक्केचाळीस. अर्माँ बसूनच. धुराकडे बघतोय, ऐकलंच नसेल, असं मला वाटलं.

"विरोधातले."

आम्ही उठलो. एव्हरेट बोट नाचवत मोजत होता. "एकोणचाळीस... चाळीस... एक्केचाळीस." बोट थांबलं. बरोबरी! मेलो आम्ही, म्हटलं.

मागे बाक करकरला.

"मला मोज," अर्माँ म्हणाला.

"अरे, करार तुझाच ना?"

"उभा आहे ना मी? मोज लवकर, आग लागलीय तिकडे!"

आम्ही पोचलो तोवर छप्पर कोसळलं होतं. अर्माँनं झऱ्याच्या डबक्यात पाइप टाकला आणि गोठ्याकडे सरकणारी आग अडवली. राखेत वाकडी झालेली काहील दिसली, तेव्हा मला रडू फुटलं.

"विहिरीचं एवढं खरं होतं, तर नीट सांगायचंस," तो म्हणाला.

"चार वर्षं काय गाणी म्हणत होते का मी?"

त्यानं तोंडावरची काजळी पुसली. "उद्यापासून तुझा रस माझ्या काहिलीत आटव. सकाळी लवकर ये."