रावसाहेबांभोवतीचं रिंगण

मोठीबाईच्या घरात शिरायची मुंगीची बिशाद नव्हती. साखरेचा डबा असो, पिठाची कोठी असो, नाहीतर पलंगाचे पाय असोत, पांढऱ्या पावडरीचं एक रिंगण घातलं की झालं. लग्न होऊन आल्यापासून हेच चाललं होतं आणि इतक्या वर्षांत तिला कोणी शिकवायला आलं नव्हतं. आलं असतं तर आल्या पावली परत गेलं असतं.

त्यामुळे परसातल्या कासवाच्या कुंपणाशी मुंग्यांची रांग दिसली तेव्हा तिनं कोणाला विचारलं नाही. कासव नवऱ्याचं. तो घड्याळं दुरुस्त करणारा. जन्मभर काट्यांच्या मागे धावला आणि म्हातारपणी जगातलं सगळ्यात मंद जनावर घेऊन आला. नाव काय ठेवलं, तर रावसाहेब. गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना गाडीत बसता बसताही त्याचं तेच. "अगं, मुंग्या झाल्या तर उरलेला पाला उचलून टाक, बास. कुंपणात पावडर-बिवडर काही टाकू नकोस."

कुंपणात तिनं टाकली नाहीच. बाहेरून टाकली. संध्याकाळी फळ्यांच्या कडेकडेनं चांगलं बोटभर जाड रिंगण घातलं, हात धुतले आणि जेवली.

सकाळी पाल्याची ताटली घेऊन गेली तर बाहेर औषधाला मुंगी नव्हती. बघा म्हणावं, असं ती पुटपुटली आणि आत डोकावली. 

आतल्या बाजूनं फळ्यांच्या बुडाशी मुंग्यांचा काळा पट्टा फिरत होता. रिंगणापाशी यायचा, माघारी वळायचा. रावसाहेबांच्या झोपायच्या खोक्याखालची माती हलत होती आणि तिथून आणखी निघतच होत्या. वारूळ आतच होतं. कालची ती रांग आत येत नव्हती, बाहेर चालली होती. मोठीबाईनं तिची वाट बंद केली होती आणि रात्रभर रावसाहेबांना मुंग्यांबरोबर कोंडून ठेवलं होतं.

तो कोपऱ्यात होता. फळीखालच्या फटीत नाक खुपसून तसाच पडलेला. मिटल्या पापण्यांवर मुंग्या, मानेच्या वळ्यांत मुंग्या. तिनं त्याला उचललं. एरवी हात लागला की फुसकन डोकं आत ओढणारा प्राणी, आज मान लोंबतीच राहिली. तोंडाच्या कडेला पांढरं लागलेलं होतं.

"अगं ए, इकडे ये जरा," तिनं हाक मारली. 

सून शिवणयंत्रावरून उठून आली. गळ्यात टेप तसाच. "आई, काय झालं? अरे देवा. आणा इकडे, आधी पाणी घेऊ."

दोघींनी त्याला परातीत ठेवलं आणि कोमट पाण्यात फडकं बुडवून एकेक मुंगी टिपली. डोळ्यांवरच्या, मग काखेतल्या. काही कातडीत तोंड रुतवून बसल्या होत्या.

"तोंडाला हे पांढरं काय?" सून म्हणाली.

"पीठ असेल."

"कुंपणात पीठ कुठून येणार?"

"मला काय विचारतेस, मी काय त्याची आया आहे?"

सुनेनं जनावरांच्या डॉक्टरणीला फोन लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. मुंग्या चावल्यात, डोळे सुजलेत, असं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "आसपास काही औषध टाकलंय का?"

सुनेनं सासूकडे बघितलं.

"नाही," मोठीबाई म्हणाली.

"मग घाबरू नका. डोळे धुवा, सावलीत ठेवा, उद्या सकाळी घेऊन या."

उद्या. मोठीबाईनं परातीत बघितलं. रावसाहेबांचा पुढचा उजवा पाय थरथरत होता. चालताना हलतो तसा नाही. थंडीनं दात वाजावेत तसा.  उद्या सकाळी हे परातीत दगडासारखं पडलेलं असेल आणि आपण नाही म्हणालो होतो.

सून फोन ठेवायला गेली, तसा तिनं तिचा हात धरला.

"टाकलीय. मुंग्यांची पावडर. काल संध्याकाळी. फटीतून त्यानं चाटली."

सुनेनं ओट्यावरचा फोन तिच्यापुढे सरकवला. ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान उलट बोलता आलं असतं.

"कोणती पावडर?" फोनमधून आवाज आला. "पावडरीचं खोकं आणि त्याला घेऊन आत्ता निघा. पाणी पाजू नका, तेल लावू नका."

आता खोकं कुठलं? मोठीबाई पावडर आणली की बरणीत ओतायची. बारीक अक्षर तिला कधी लागलं नव्हतं, आणि लागत नाही हे तिनं कधी कबूल केलं नव्हतं. तिनं कचऱ्याचा डबा अंगणात उपडा केला आणि सालींत हात घालून चिंधीगत झालेलं खोकं शोधून काढलं.

दवाखान्यात डॉक्टरीण खोक्यावरचं वाचत गेली तसतशी तिची भुवई वर चढत गेली. बाकड्यावर बसलेल्या मोठीबाईला ती भुवई तेवढी दिसत होती. तोंड धुतलं, अंग दोनदा धुतलं, सुई टोचली.

"आजी, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. थरथर वाढली, फेस आला, तर तसंच उचलून आणा. सुधारला तर स्वतःहून चालेल."

"आणि नाही चालला तर?"

डॉक्टरीण हात पुसत राहिली. मग कुंपणाचं सांगू लागली. पावडर खालच्या मातीसकट खरवडून काढा. वारूळ खणून त्यात कढत पाणी ओता, पण हा घरात असताना, आणि माती गार झाल्याशिवाय त्याला सोडू नका. खायची ताटली उथळ पाण्याच्या थाळ्यात ठेवा, मुंगी पोहत नाही. उरलेला पाला तासाभरात उचला.

"उरलेला पाला उचला," मोठीबाई हळूच म्हणाली. हे तिला एकदा सांगून झालं होतं.

दुपारी सुनेनं खणलं, मोठीबाईनं कढत पाणी ओतलं. खरवडताना तिचं लक्ष सारखं दाराकडे. आत स्वयंपाकघराच्या फरशीवर, पलंगाखालून काढलेल्या जुन्या गोधडीवर तो होता. हलला की तिला वाटे थरथरला, नाही हलला की वाटे गेला. दर थोड्या वेळानं ती वाकून त्याच्या नाकाशी बोट धरी. कासवाचा श्वास बोटाला लागतो का, हेही तिला ठाऊक नव्हतं.

चारला फोन वाजला. वॉर्डात नवऱ्याला चारला फोन द्यायचे.

"मी बोलू का?" सून म्हणाली. "ऑपरेशन झालेलं माणूस. नंतर सांगू हवं तर."

मोठीबाईनं फोन काढून घेतला.

"जेवलात?"

"जेवलो. रावसाहेब काय म्हणतायत?"

ती फरशीवर बसली, गुडघे कुरकुरले. "मी पावडर टाकली. तुम्ही नको म्हणालात तरी टाकली. त्यानं चाटली. डॉक्टरणीकडून आणलाय. वाचेल का माहीत नाही."

पलीकडे कोणाची तरी खाट सरकवल्याचा आवाज आला. 

"अहो, बोला काहीतरी. शिव्या द्या."

"पाय बघ त्याचे," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "पाय कसे आहेत?"

तिनं बघितलं. पुढचा उजवा पाय वर उचलला होता. हवेत तसाच. थरथरतोय की टाकतोय, कळेना. 

"सांग ना."

"थांबा."

पाय खाली आला. नख गोधडीत अडकलं, सुटलं. मग डावा उचलला.

"चालला," ती म्हणाली.

"कुठे?"

मोठीबाईनं पदर तोंडाशी धरला. 

"माझ्यापासून लांब."