धाकटी असती तर

शेवटचा सामना एका गुणाने गेला आणि पाणीपुरवठा खात्याचा महिला बास्केटबॉल संघ खालच्या गटात घसरला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. चार सेकंद उरले होते, एकसष्ट-बासष्ट अशी परिस्थिती, आणि दोन फ्री थ्रो मिळाले होते. ते टाकायला उभी होती नवी सेंटर, एकोणीस वर्षांची, सहा फूट दोन इंचांची. मुली तिला मनोरा म्हणत. पहिला बॉल रिंगच्या कडेला लागून बाहेर उडाला. दुसरा रिंगला लागलासुद्धा नाही.

तेव्हापासून खात्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं. "धाकटी असती तर..."

धाकटी म्हणजे कोचची सख्खी धाकटी बहीण. नऊ वर्षं ती संघाची गार्ड होती. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून मुली तिला मावशी म्हणून चिडवायच्या आणि तिच्याच पासवर डोळे मिटून धावायच्या. कोचला सगळं खातं ताई म्हणत असे, अगदी मोठे साहेबसुद्धा. मागच्या उन्हाळ्यात, दोन हंगामांच्या मधल्या काळात, ताईने दोन नव्या मुली घेतल्या: मनोरा आणि दुसरी एक चपळ मुलगी, जिला सगळे वीज म्हणत. संघात जागा बाराच. दोघी आत यायच्या तर दोघी बाहेर जायला हव्यात. एकीची बदली झालेलीच होती. दुसरं नाव ताईने स्वतःच्या हाताने खोडलं, ते धाकटीचं.

संघाचं काम संध्याकाळचं. दिवसभर ताई मीटर विभागात असायची. घराघरांतून तक्रारीचे मीटर काढून यायचे, प्रत्येकाला तारेने चिठ्ठी बांधलेली. ताई एकेक मीटर टेबलावर चढवायची, त्यातून मोजून वीस लिटर पाणी सोडायची आणि काटा किती फिरला ते बघायची. पाणी जायला पाच-सहा मिनिटं लागत. तेवढ्या वेळात हात रिकामे आणि डोकं मोकळं. त्याच पाच-सहा मिनिटांत तिचा हंगाम पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा.

समजा, मनोऱ्याला घेतलंच नसतं. समजा, निवडीच्या दिवशी आलेली ती डावखुरी मुलगी, जी पुढे बंदरवाल्यांच्या संघाने उचलली, तिला घेतलं असतं. मग रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत येणारे बॉल, कमी मिळाले असते, पण बाहेरून टाकणारी मिळाली असती. समजा, वीज पुढच्या वर्षी घेतली असती आणि धाकटीला एक हंगाम ठेवलं असतं. बावीस सामन्यांतले सात जिंकले होते. आठ जिंकले असते तरी संघ वरच्या गटात राहिला असता. एकच सामना हवा होता.

"ताई, राग मानू नका," लाइनमन मीटर ठेवता ठेवता म्हणाला, "पण धाकटीताई असत्या तर तो शेवटचा बॉल त्यांच्या हातात..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," ताई म्हणाली. "सही करा इथे."

त्याने सही केली. तो गेला आणि ताईने पुन्हा समजा म्हणायला सुरुवात केली.

घरी तर दोघी बहिणींत विस्तव जात नव्हता. ऐन हंगामात अप्पांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला, तेव्हासुद्धा दोघी दवाखान्याच्या बाकावर दोन टोकांना बसल्या होत्या. अप्पा घरी आले तसं दोघींनी न बोलताच वेळा वाटून घेतल्या. धाकटी सकाळी, खात्याच्या पंपहाऊसमधली तिची पाळी सुरू व्हायच्या आधी. ताई संध्याकाळी. रविवारी बारापर्यंत ताई, बारानंतर धाकटी. किल्ली शेजारच्या काकूंकडे. निरोप कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर: "गोळी दिली." "पाय चोळले." "जेवले, पण कमी." खाली सही नाही. काकू म्हणायच्या, "अगं, दोन देशांच्या वकिलातीसुद्धा एवढ्या कमी शब्दांत बोलत नसतील."

अप्पा चाळीस वर्षं लेथवर काम केलेले. केसाएवढा फरक चालत नसे त्यांना. झटक्यानंतर उजवा हात उचलेना, बोलणं सावकाश झालं, पण डोकं शाबूत होतं. हंगाम संपल्यावर त्यांनी ताईकडे सगळ्या स्कोअरशीट मागितल्या. ताईला वाटलं, वेळ जायला हवाय म्हातारपणी. तिने झेरॉक्स करून आणून दिल्या.

त्यानंतरच्या एका रविवारी साडेनऊला ती पोचली, तर अप्पा टेबलाशी बसलेले. डाव्या हातात पेन्सिल, समोर शेवटच्या सामन्याची शीट, आणि शेजारी वेड्यावाकड्या आकड्यांनी भरलेली वही.

"बस," ते म्हणाले. "एकवीस झाले. हा राहिलाय."

"काय एकवीस?"

"सामने. धाकटीला... घेऊन."

"अप्पा, तुम्ही पण? सगळं खातं माझ्या जखमेवर मीठ चोळतंय, ते काय कमी आहे?"

"तू करत नाहीस?"

ताई खुर्ची ओढून बसली.

अप्पांनी काम चोख केलं होतं. उगाच पोरीच्या प्रेमापोटी गुण वाढवले नव्हते. जिथे वीज पळत जाऊन दोन गुण आणायची, तिथले त्यांनी कमी केले होते. मनोरा नाही म्हणून समोरच्यांना मिळालेले जास्तीचे बॉल धरले होते. दोन जिंकलेले सामने त्यांच्या वहीत हरलेले होते आणि दोन हरलेले जिंकलेले. बेरीज सातच. सगळं या शेवटच्या सामन्यावर येऊन थांबलं होतं.

"चौथं सत्र," अप्पा म्हणाले. "पंचावन्न-पंचावन्न. बॉल धाकटीकडे. वळून... आतल्या मुलीला पास."

"आतली कोण? मनोरा नाही ना तुमच्या संघात. मग आत जुनी सेंटर. ती तोपर्यंत दमलेली असते."

"दोन गुण."

"नाही. अडवली असती तिला. त्यांच्या त्या जाड मुलीने अडवलीच असती."

"मग... फाउल. दोन थ्रो."

"एक गेला असता, एक चुकला असता."

"बरं. एक." अप्पांनी एक मांडला. "पुढे."

दोघं पुढे भांडत राहिले. बारीकसारीक गोष्टीवरून, टाइमआउट कुणाचा उरला होता, कोण कुठे उभं होतं. ताईचा आवाज चढला. तिने एक बॉल काढून घेतला, दुसऱ्या वेळी धाकटी बॉल न आपटता पावलं चालली म्हणून तो रद्द केला, तिसऱ्यात धाकटीचे पाय जड झाल्याचं सांगितलं. अप्पा प्रत्येक वेळी तिच्याकडे बघत आणि तिचं म्हणणं लिहून घेत. आणि मग ताईला कळलं की संघ हरावा म्हणून ती भांडतेय. स्वतःचाच संघ. अप्पांच्या वहीतसुद्धा तो जिंकायला नको होता तिला, कारण तिथे जिंकला तर इथे ती खोटी ठरत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती बोलायचीच थांबली.

"चार सेकंद," अप्पा म्हणाले. "एका गुणाने मागे. धाकटी उजव्या पायावर वळते आणि—"

"नाही वळत, अप्पा."

दारात धाकटी उभी होती. पंपहाऊसचा निळा डगला अजून अंगावर, हातात काकूंकडची दुसरी किल्ली. घड्याळात साडेदहा. ताईने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी नजर शीटवर ठेवली. धाकटीला त्यांनीच लवकर बोलावलं होतं, हे सांगायला नको.

"उजव्या पायावर मला वळताच येत नव्हतं," धाकटी आत न येता म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात जिना उतरायला कठडा धरावा लागायचा. गुडघ्यात इंजेक्शनं घेत होते. कुणाला सांगितलं नव्हतं. तो पास समोरच्यांच्या हातात गेला असता. लिहा तसं."

पेन्सिल हलली नाही.

"मला सांगायचंस," ताई म्हणाली.

"तुला? तू कोच होतीस."

"बहीण पण होते."

"हो?" धाकटीने डगल्याचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "मग यादी नोटिसबोर्डावर का लागली गं? मी सगळ्या पोरींबरोबर उभी होते तिथे. बारा नावं वाचली. मग खालून वर वाचली. मला वाटलं, टायपिंगमध्ये राहिलं असेल. पोरी गप्प झाल्या तेव्हा कळलं. तुझं टेबल तिथून वीस पावलांवर. पाण्याचा आवाज येत होता. तू मीटर तपासत होतीस."

ताईला तो दिवस आठवत होता. त्या दिवशी तिने अकरा मीटर तपासले होते आणि एकाचाही काटा तिला दिसला नव्हता.

"नियम होता," ती म्हणाली. "आधी तुला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बहिणीला..." तिने वाक्य सोडून दिलं. "नाही. नियम नाही. धीर झाला नाही मला. तुझ्या तोंडाकडे बघून बोलायचा धीर झाला नाही. म्हणून कागदाला पुढे केलं."

"तू मला काढलंस त्याचं काही नाही," धाकटी म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मीही मला घेतलं नसतं. पण पंपहाऊसमध्ये लोक येऊन सांगायचे, तू असतीस तर जिंकलो असतो. आणि मी मूग गिळून ऐकून घ्यायचे. बरं वाटायचं ऐकायला. त्याचीही लाज वाटते आता."

शेजारी कुकरची शिट्टी झाली.

"पाणी," अप्पा म्हणाले.

दोघी एकदम उठल्या. मग धाकटी खुर्चीवर बसली आणि ताईने पाणी आणलं.

"माझं चुकलं," पेला ठेवताना ताई म्हणाली.

"ते कळलं मला. पण एवढ्याने माझं मन निवलेलं नाही. सांगून ठेवते."

"बरं."

त्या रविवारी ताई बाराला निघाली नाही. दोघींनी मिळून अप्पांना आंघोळ घातली. एकीने धरलं, दुसरीने पाणी ओतलं. बोलणं झालं ते साबण, टॉवेल आणि "डावीकडून धर" एवढंच.

पुढच्या आठवड्यात खात्याच्या क्रीडा समितीची बैठक झाली. मनोऱ्याला काढायचा प्रस्ताव आला. ताई दोन तास भांडली. त्या मुलीला अजून दोन वर्षं द्या म्हणाली, थ्रो शिकवता येतात, उंची शिकवता येत नाही म्हणाली. समितीने ऐकून घेतलं आणि काढलं. राहणाऱ्या मुलींची यादी सोमवारी लागायची होती. शनिवारी दुपारी ताई वसतिगृहाचे तीन जिने चढून गेली.

मनोऱ्याने दार उघडलं आणि ताईला बघून सगळं ओळखलं. पलंगाच्या कडेला बसली. बसल्यावरही तिचं डोकं ताईच्या खांद्याशी येत होतं. ताईने एका वाक्यात सांगितलं. मुलगी बराच वेळ रडली, आवाज न करता, आणि ताई तिथेच उभी राहिली.

"ताई," शेवटी मनोऱ्याने विचारलं, "मावशी असत्या तर जिंकलो असतो ना?"

"माहीत नाही गं. मी सगळं करून बघितलं. अप्पांनी वही भरून बघितलं. माहीत नाही. तुझे दोन थ्रो चुकले, हे खरं. पण त्या दिवशी अठरा रिबाउंड तू काढलेस. ते नसते तर एकसष्टपर्यंत आलोच नसतो. हे मी त्याच दिवशी सर्वांसमोर बोलायला हवं होतं. बोलले नाही."

मनोऱ्याने मान हलवली. तिला त्याने काही बरं वाटल्याचं दिसलं नाही. ताईने तिला दोन गावांच्या संघांचे पत्ते लिहून दिले, आणि तिथल्या कोचना आपण स्वतः फोन करू असं सांगून ती जिना उतरली.

नव्या हंगामाच्या निवड चाचणीला अप्पांनी हट्टच धरला. धाकटीने चाकाची खुर्ची ढकलली, ताईने दारं उघडली. एकतीस मुली आल्या होत्या. अप्पा पहिल्या दहा मिनिटांत पेंगले. धाकटी त्यांच्या शेजारी बाकावर बसून बघत होती. मध्यंतरात ताई तिच्या जवळ आली, हातात कागद.

"ती चष्मेवाली बरी वाटते," ताई म्हणाली.

"ती? पास देताना आधी डोळ्यांनी सांगते, कुठे देणार ते. आंधळीसुद्धा अडवेल."

"ते सुधारता येतं."

"तू सुधारणार? तुला स्वतःला पास देता यायचा का कधी?"

"धाकटे, मी राज्याच्या संघात होते."

"राखीव होतीस."

"राखीव म्हणजे संघातच!"

अप्पांनी एक डोळा उघडला, दोघींकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. चष्मेवालीवरून त्या दोघी मध्यंतर संपेपर्यंत भांडल्या, आणि नाव यादीत घ्यायचं की नाही हे काही त्यांचं ठरलं नाही.