कच्चं बाकडं

जिलानीच्या धंद्यात बसवणं दोन प्रकारचं असतं, एक कच्चं आणि एक पक्कं. कच्चं म्हणजे चार बारीक स्क्रू मारून वस्तू जागेवर उभी करायची, दार अडतं का, गुडघा आपटतो का ते बघायचं आणि मग काढून परत रंधा मारायला घ्यायची. पक्कं म्हणजे गाडीच्या तळातून आरपार नटबोल्ट आणि खालून लोखंडी पट्टी. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखंच दिसतं, कारण वरून रेग्झीन चढलं की आतलं कोण बघतो? म्हणून गिऱ्हाईक विचारतं तेही एकच, "बसवलं का?"

अर्धापूरच्या अण्णारावांनी गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोनवर हेच विचारलं होतं. अण्णाराव केळीचे बागायतदार. वीस वर्षांपूर्वी जिलानीनं त्यांच्या घरचा पहिला सोफा केला, तेव्हापासूनची ओळख. साठी ओलांडल्यावर माणसं माळ घालतात, नाहीतर ग्रामपंचायतीला उभी राहतात. अण्णारावांनी सतरा सीटांची जुनी ट्रॅव्हलर विकत घेतली. सीटा उपटून काढल्या आणि ती नांदेडला देगलूर नाक्यावर जिलानीच्या दुकानापुढं आणून लावली. आत ओटा, पाण्याची टाकी, दिवसा बसायला आणि रात्री झोपायला लांब बाकडं. गाव म्हणालं, म्हातारं चळलं. पण त्यांच्या बायकोच्या, सिंधुबाईंच्या, स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरवर जोगचा धबधबा होता. साल सरून बारा वर्षं झाली तरी त्यांनी ते उतरवलं नव्हतं. गाडी त्या धबधब्यासाठी होती.

"जिलानी, बाकडं बसवलं का? उद्या गाडीची पूजा हाय."

जिलानी तेव्हा दुसऱ्या एका सोफ्याचं कापड ठोकत होता आणि तोंडात चुका धरल्या होत्या. या धंद्यातली माणसं बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक काढून ठोकतात. त्या खिळ्यांना आपल्याकडं चुकाच म्हणतात, आता भाषेला काय दोष द्यायचा. भरल्या तोंडानं तो एवढंच म्हणाला, "बसवलं, अण्णा."

खोटं नव्हतं. कच्चं बसवलं होतं. पूजा झाली की गाडी परत आणा, बोल्ट मारायचेत, हे पुढचं वाक्य चुका तोंडातून निघाल्यावर बोलायचं होतं. तोवर फोन ठेवला गेला. दुपारी तो रेग्झीन आणायला बाजारात गेला असताना अण्णाराव येऊन गाडी घेऊनही गेले. जिलानीच्या बायकोनं, जाहिदानं, किल्ली दिली आणि वर गाडीला हार घातला. गाडी पूजेपुरतीच नेलीय, परत आणतील तेव्हा सांगू, असं जिलानीनं धरलं.

इथवरची चूक कोणाच्याही हातून होईल. पुढची तशी नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णारावांचा परत फोन आला. "लोहा सोडलं बघ आत्ता. लातूरला मेव्हणीकडं मुक्काम, आन् तिथून सरळ जोग! बाकडं लई झाक झालंय. हिला तर उठूच वाटंना."

या वेळी जिलानीच्या तोंडात काही नव्हतं. 'अण्णा, तिथंच थांबा, बाकडं कच्चं हाय,' एवढंच म्हणायचं होतं. पण समोरून कौतुक चाललं होतं, मागून सिंधुबाईंचं हसणं ऐकू येत होतं, आणि वीस वर्षांचं नाव एका वाक्यात मातीत घालायला जीभ उचलेना. रस्ता चांगला आहे, लातूर काय लांब आहे, संध्याकाळी पोचले की सावकाश सांगू, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग म्हणाला, "हळू चालवा, अण्णा."

अहमदपूरच्या पुढं म्हैस आडवी आली.

अण्णारावांनी करकचून ब्रेक मारला. म्हैस वाचली. बाकडं मात्र सिंधुबाईंसकट सुटलं आणि समोरच्या ओट्यावर जाऊन आदळलं. मधे त्यांचा उजवा पाय होता. तो दोन जागी मोडला.

जिलानी आणि जाहिदा लातूरच्या दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा जिलानी सगळं सांगायचं ठरवूनच गेला होता. पण अण्णारावांनी त्याचा हात धरला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "तू सांगितलं हुतंस रे, हळू चालवा म्हणून. मीच न्हाई ऐकलं."

त्यावर माणसानं काय बोलावं? जिलानीनं रुमालानं त्यांचे डोळे पुसले आणि गप्प राहिला. आपला कातडी बचावणारा शब्द या भल्या माणसानं स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतलाय, हे त्याला लख्ख दिसलं, तरी तो गप्प राहिला. परतीच्या बसमध्ये त्यानं जाहिदाला सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि लोहा आल्यावर म्हणाली, "मेरेकू बोल के क्या फायदा? उनोंकू बोलो, मोकळे हो जाव."

तो मोकळा झाला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं पाच महिने चाललं. दुकानात कोणी नुसतं "बसवलं का" म्हटलं तरी हातोडी बोटावर पडायची.

फाल्गुनात गाडी परत दुकानापुढं येऊन उभी राहिली. चालवत आणली होती गावातल्या बजरंगनं. अण्णाराव शेजारी बसून आले. बजरंग गाडी सोडून बसनं परत गेला.

"मी स्टेरिंगला हात लावत न्हाई आता," अण्णाराव म्हणाले. "गाडी मळ्यात लिंबाखाली उभी करून टाकतो. हिला दुपारचं पडायला खोली होईल. तू एखादं जुनं बाकडं ठिव आत, झालं."

"आन् जोग?" जिलानीच्या तोंडून निघून गेलं.

"हाय की कॅलेंडरवर," सिंधुबाई काठी टेकत उतरल्या. "जुनं कामून? मला नवं पायजे. मी बघून घेणार."

आणि त्यांनी बघून घेतलं, ते असं की जिलानीचा घाम निघाला. दुकानातल्या प्रत्येक सोफ्यावर त्या बसल्या. मऊ फोम दाबून म्हणाल्या, यात मी रुतले तर मला काढायला बैल लावावे लागतील. तयार लोखंडी दिवाण बुटका निघाला, त्यावरून उठताना गुडघा साथ देईना. शेवटी जिलानीनं त्यांच्या चपलेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावला. उंची अठरा इंच, फोम कडक, डाव्या हाताला उठताना जोर द्यायला दांडा, उजवा पाय लांब करायला बाहेर ओढायची फळी. कमरेला पट्टा. मोडलेल्या पायाजवळ आल्यावर त्यानं टेप अंगाला न लावता लांबूनच धरला. नडगीवरची शिवण पातळाखालून दिसत होती.

"दुखत न्हाई आता," सिंधुबाई म्हणाल्या. त्यानं मान खाली घातली.

रंगावरून नवरा-बायकोचं वाजलं. सिंधुबाईंना हळदीसारखा पिवळा पाहिजे होता, अण्णाराव म्हणाले मळेल. "मळू द्या. मळ्यातच तर उभी करून ठिवताव," त्या म्हणाल्या, आणि पिवळं ठरलं.

चौथ्या दिवशी बाकडं तयार झालं. ते जागेवर ठेवून जिलानी गाडीखाली शिरला, तेव्हा बघायला आलेली दोघं बाहेर उभी होती.

"आता काय करून राहिलास खाली?" अण्णारावांनी विचारलं.

"बोल्ट मारून राहिलो. आठ हायत."

"उभ्या गाडीला बोल्ट कामून? नुस्तं ठिव म्हटलं ना."

जिलानी उताणा पडून होता. त्याला चाकाच्या पलीकडं अण्णारावांच्या चपला दिसत होत्या आणि सिंधुबाईंची काठी. तोंडं दिसत नव्हती. तोंडं दिसत असती तर तो आजही बोलला नसता, एवढा तो स्वतःला ओळखून होता.

"अण्णा," तो म्हणाला, "आधीच्याला एकबी बोल्ट नव्हता."

त्यानं पाना फिरवायचा थांबवला.

"चार बारके स्क्रू होते. कच्चं बसवलं होतं, मापापुरतं. पूजा झाल्यावर पक्कं करणार होतो. तुम्ही लोह्याहून फोन केला तवा मला ठाव होतं. सांगायला तोंड झालं न्हाई. हळू चालवा म्हणलो ते त्याच्यासाठी. ब्रेकचा दोष न्हाई, अण्णा. बाकडं माझं सुटलं."

चपला तशाच राहिल्या. मग अण्णारावांचा आवाज आला, हळू आणि कोरडा. "भाईर ये."

तो बाहेर आला. अंगभर ग्रीस आणि धूळ. अण्णारावांचा चेहरा त्यानं असा कधी बघितला नव्हता.

"पाच महिने," अण्णाराव म्हणाले. "ही झोपेत कण्हायची आन् मी उठून माझ्या या पायाला शिव्या घालायचो. ब्रेकवरचा पाय हा. कुऱ्हाडीनं तोडावा वाटायचं. आन् तू दवाखान्यात माझ्या हातात हात दिऊन बसलास. माझे डोळे पुसलेस तू!"

जिलानीनं मान वर केली नाही. एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. पण अण्णाराव पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले, आणि ते मारण्यापेक्षा वाईट होतं.

सिंधुबाई काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "एक शब्द होता जिलानीभाई. कच्चं. केवढासा शब्द."

"हाव, वैनी."

"माफी मागू नका. मला आत्ता देता यायची न्हाई." त्यांनी पिवळ्या बाकड्याकडं बोट केलं. "उद्या लातूरला पाय दाखवायचाय. गाडी हे चालवतील. मी पुढं बसते. आन् मागं, माझ्या जागेवर, तुम्ही बसायचं."

"मी चालवणार न्हाई," अण्णाराव न वळता म्हणाले.

"चालवणार," सिंधुबाई म्हणाल्या.

सकाळी निघाले तेव्हा अण्णारावांनी दोनदा गाडी बंद पाडली. लोह्यापर्यंत बैलगाडीच्या चालीनं नेली. जिलानी पिवळ्या बाकड्यावर पट्टा लावून एकटा बसला होता. समोर हातभर अंतरावर ओटा होता आणि त्याच्या पत्र्याला पडलेला पोचा अजून तसाच होता. तो बघायचा नाही म्हटलं तरी नजर तिथंच जात होती. आदळायच्या आधी वैनींना दिसला तो हाच ओटा, असं त्याच्या मनात येत होतं.

अहमदपूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना काढलेल्या तुरीची रानं, रस्ता मोकळा. अण्णारावांनी आरशात बघितलं. मागं कोणी नव्हतं, पुढं कोणी नव्हतं. त्यांनी वेग वाढवला, आणखी वाढवला. सिंधुबाईंनी शेजारचा दांडा घट्ट धरला. जिलानीला कळलं. त्यानं डोळे मिटले नाहीत.

अण्णारावांनी करकचून ब्रेक मारला.

पट्टा जिलानीच्या पोटात रुतला. ओट्यावरचा तांब्या उडून पडला आणि पाणी सगळीकडं झालं. टायरचा जळका वास आला. मग गाडी उभी राहिली आणि सगळं शांत झालं.

बाकडं केसभरही सरकलं नव्हतं.

अण्णारावांचे दोन्ही हात स्टेरिंगवर होते. ते मागं वळले नाहीत.

"हाललं का?"

"न्हाई, अण्णा."

"मंग त्या दिशीबी हाललं नसतं."

सिंधुबाईंनी हात लांब करून नवऱ्याच्या उजव्या मांडीवर ठेवला, ब्रेकच्या पायावर, आणि तो तिथंच राहू दिला. अण्णाराव रडत होते. जिलानीनं पट्टा सोडला, तांब्या उचलला आणि खांद्यावरच्या रुमालानं तो पोचा पडलेल्या ओट्याखालचं पाणी पुसायला गुडघ्यावर बसला.

"पट्टा लाव," अण्णाराव म्हणाले. "लातूर अजून लांब हाय."