कागदाबाहेरची टाचणी

मी नकाशा बोलतोय. पूर येईपर्यंत मोजणी खात्याच्या कपाटात पडून होतो, कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. मग मला मदत कार्यालयाच्या भिंतीवर ठोकलं आणि समोर दिवसभर रीघ लागली. येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचं घर शोधायचा. बोटं टेकवून टेकवून नदीकाठचा माझा कागद पार झिजला.

कोण कुठून उठून कुठे गेलं, हे माझ्यावर मांडायचं काम मोजणीवाल्या बाईंचं. हजारो माणसं एवढ्याशा कागदावर मावणार कशी? म्हणून त्यांनी नियम केला, एका चुलीला एक टाचणी. जुन्या घरापासून नव्या मुक्कामापर्यंत लाल दोरा.

त्या नियमानंच घात केला. काठावरच्या एका घरात दोन भाऊ, त्यांचे संसार आणि आई, पण चूल एकच. थोरला सुतार. त्यानं शाळेतल्या छावणीत नाव नोंदवलं आणि टाचणी तिथे लागली. धाकटा बसचालक, तो बायकोपोरांसह गोदामातल्या छावणीत. दोघांचे फोन पुरात गेलेले. तीन आठवड्यांनी धाकटा कार्यालयात आला, टाचणी पाहून निश्चिंत झाला.

"म्हणजे आई दादाकडे आहे."

तेवढ्यात थोरलाच दारातून आत आला. "अरे, ती तुझ्या नावेत बसली ना?"

बाईंचा चेहरा उतरला. मलाही माझी लाज वाटली. दोन दिवस त्या फोनला चिकटून होत्या. शेवटी पत्ता लागला. पाय मोडला म्हणून आईला तिसऱ्याच नावेतून परस्पर लांबच्या शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. ते शहर माझ्यावर नाहीच, माझी कड त्याच्या आधी संपते. बाईंनी नवी टाचणी घेतली आणि माझ्यापासून चार बोटं दूर, भिंतीच्या गिलाव्यात टोचली.

काही दिवसांनी मुलं आईला घेऊन आली. ती काठी टेकत माझ्यासमोर उभी राहिली.

"सगळे कागदावर आणि मी भिंतीवर? पाल झाले की मी."

बाई हसल्या. "आता काढते. सांगा, कुठे लावू? शाळेत की गोदामात?"

थोरला खाली बघत म्हणाला, "आमच्या एका खोलीत तीन कुटुंबं आहेत. धाकट्याकडे जरा ऐसपैस आहे."

"कसलं ऐसपैस? पोरं तापानं फणफणलीत. दादाकडेच बरं."

दोघंही खोटं बोलत नव्हते. म्हणून तर ऐकवत नव्हतं.

आईनं बाईंचा हात धरला. "राहू दे तिथंच. दवाखान्यामागं वृद्धाश्रम आहे. मी विचारून आलेय."

त्याला वर्ष झालं. छावण्या उठल्या, माझ्यावरचे दोरे निघाले, कार्यालयाला कुलूप लागलं. भावांनी घरं बांधली की नाही, मला कोण सांगणार? आता या खोलीत मी आणि भिंतीतली ती टाचणी, दोघंच.

मला उतरवायला कधीतरी कुणी येईलच. त्याला एवढंच सांगणं आहे, माझी घाई नाही. आधी त्या आईला जाऊन भेट.