दोन गाड्या आणि एक खिळा

या, असे पुढे सरका. दाराशी वारा लागतो, तिथं बसून कान गार करून घेण्यात काही पुण्य नाही. पांघरूण घ्या पायांवर. आज दोन गाड्यांची गोष्ट सांगतो. एक म्हातारी, एक नवी कोरी. आणि त्यांच्यामध्ये येऊन बसलेल्या संशयाची. हा पाहुणा असा, की उंबऱ्यावर नुसतं ‘कोण?’ विचारलं तरी आत येऊन पथारी पसरतो.

एक शिंपी होते. सगळे त्यांना शिंपीमामा म्हणत. गाव एवढं थंड, की सकाळी नळाची तोटी बोटांना चिकटायची. त्यामुळे कोट शिवणाऱ्या माणसाला कामाची वाण नव्हती. घरात मामी, लेक आणि जावई. जावयाचं चष्म्याचं दुकान. सासरा-जावई एका छपराखाली म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, पण दोन्ही बोथट होत्या म्हणून निभत होतं.

मामींची मूत्रपिंडं थकली होती. दिवसाआड सकाळी टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात जाऊन यंत्रावर रक्त स्वच्छ करून घ्यावं लागे. ठरलेली वेळ चुकली तर यंत्र दुसऱ्याला जाई, आणि मामींचे पाय सुजत, छातीत पाणी भरे, श्वास पुरेनासा होई. त्यामुळे त्या घरात देवापाशी रोजचं मागणं एकच: उद्या गाडी सुरू होऊ दे.

मामांची गाडी लेकीच्या वयाची. चोक ओढायचा, दोनदा पाय दाबायचा, थोडं थांबायचं, मग किल्ली फिरवायची. तिला त्यांनी कोटांच्या उरल्यासुरल्या कापडाचं जाड पांघरूण शिवलं होतं. पण तिचा हीटर गेला होता, आणि एकदा तर पुलावर मध्येच बंद पडली होती. मामी कुडकुडत बसल्या होत्या. म्हणून जावयानं नवी गाडी आणली आणि ती थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या शेडमध्ये लावली. म्हातारी गेली अंगणात, शेडच्या दाराच्या बाजूला.

नव्या गाडीची किल्ली कुठं घालायची नव्हती. खिशात असली की पुरे. मालक जवळ गेला की गाडी दिवे लावायची, आरसे उघडायची, बटण दाबलं की सुरू.

“मालक दिसला की शेपूट हलवते,” मामा म्हणाले. “कुत्र्याला शोभतं, गाडीला नाही.”

“मामा, तुमची तर लाथ मारल्याशिवाय उठत नाही.”

“उठते ना पण.”

पुढे कडाका पडला आणि एका सकाळी नवी गाडी उठलीच नाही. बटण दाबलं, ना आवाज ना उजेड. मामांनी काही न बोलता म्हातारीचं पांघरूण काढलं, मामींना शालीत गुंडाळलं आणि पोचवून आणलं. काही न बोलता, हे महत्त्वाचं. बोलले असते तर जावयाला इतकं झोंबलं नसतं.

थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. जावयानं गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं आपलं यंत्र जोडलं, मान हलवली. “गाडी ठणठणीत आहे, साहेब. बॅटरी पण नवी. रात्रभर हिला कुणीतरी जागं ठेवतंय.”

“कुणीतरी म्हणजे?”

“ते मी कसं सांगणार. घर तुमचं.”

झालं. पाहुणा आत आला.

त्याच संध्याकाळी जावई रुमाल घ्यायला बोळातल्या खुंटीवरच्या कोटाकडे गेला, तर खिशात किल्ली नाही. सकाळी पाहिलं, तर किल्ली जागच्या जागी. आणि गाडी? मेलेली. मामा खिडकीत उभे राहून चहा पीत होते, आणि जावयाला ते हसल्यासारखे दिसले. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस, पण संशयाचा नंबर लागला की कुठली काच उपयोगाची?

“तुझे बाबा रात्री माझी किल्ली घेतात,” तो बायकोला म्हणाला.

“कशाला घेतील?”

“म्हातारीला जावयासमोर मिरवायला.”

“अहो, आई आजारी आहे. बाबा तिच्या जिवाशी खेळतील?”

“खेळत नाहीत. त्यांना ठाऊक असतं, आपली म्हातारी तयार उभी आहे.”

लेकीला तेवढ्यापुरतं ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्याचं तिला वाईट वाटलं.

इकडे मामाही स्वस्थ नव्हते. जावई म्हातारीभोवती घुटमळतो हे त्यांनी पाहिलं होतं. “भंगारवाल्याला दाखवायचा बेत दिसतोय,” ते मामींना म्हणाले. “जावयाला दशमग्रह म्हणतात ते उगीच नाही. बाकीचे नऊ निदान आकाशात असतात.” म्हातारीची किल्ली पूर्वी चुलीमागच्या भिंतीतल्या खिळ्यावर असायची. नवी गाडी आली तेव्हाच ती त्यांच्या बंडीच्या खिशात गेली होती, आता झोपतानासुद्धा तिथंच. मामी ऐकत होत्या. हल्ली त्या फार बोलत नसत. आपल्यापायी सगळ्यांची ओढाताण होते, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

मग ती सकाळ आली. रात्री इतकं गोठलं होतं, की अंगणातली बादली तळापासून फुटली. मामींच्या पायांवर आधीच सूज होती. दोन वाक्यं बोलताना त्या मध्ये थांबत होत्या.

जावयानं बटण दाबलं. काही नाही.

“असू द्या, जावईबापू,” मामा म्हणाले, आणि त्या ‘असू द्या’त एक बारीकशी सुई होती. ते म्हातारीत बसले. चोक ओढला, पाय दाबला, थांबले, किल्ली फिरवली. ती खोकली, थुंकली आणि लागली धडधडायला. मामांनी गियर टाकला. गाडी हललीच नाही. पुन्हा टाकला. इंजिन ओरडतंय, मागची चाकं गप्प.

मामांनी खाली पाहिलं. हँडब्रेक वर ओढलेला. तो खाली केला, तरी चाकं सुटेनात.

“हा कुणी ओढला?”

मामांनी काच खाली केली.

“थंडीत हिचा हँडब्रेक ओढत नाहीत. गियरमध्ये ठेवतात. आत गोठून बसलाय हा. कुणी ओढला?”

जावई पुढे आला. “मी. काल संध्याकाळी आत बसलो होतो, दार उघडंच होतं. उतरताना हात सवयीनं गेला.”

“आत कशाला बसला होतात?”

“शोधत होतो. तुम्ही माझ्या गाडीला काय करता त्याचं काही सापडतं का, ते.”

मामांचा हात स्टिअरिंगवरून खाली आला. “मी? तुमच्या गाडीला?”

लेकीनं हॉस्पिटलच्या गाडीला फोन लावला. खालच्या वळणावर वाहनं अडकली होती, कधी येता येईल ते सांगता येत नव्हतं. दारात खुर्चीवर मामी बसल्या होत्या. श्वास घेताना त्यांचे खांदे वर जात होते.

आता दोघांनी मिळून भांडायचं तर भांडायला वेळ नव्हता. एक गाडी जिवंत, पण पाय बांधलेले. दुसरीचे पाय मोकळे, पण जीव नाही.

“डिकीत केबल आहे,” मामा म्हणाले. “बघता काय, बॉनेट उघडा. लाल कुठं लावतात ते तरी ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“तुमच्यावर विश्वास नाही, दाखवा आधी.”

जावयानं दाखवलं. मामांनी वाकून बघितलं, मगच चिमटा लावू दिला. म्हातारी धडधडत राहिली, आपल्यातलं थोडं थोडं त्या पोरीला देत राहिली. जावयानं बटण दाबलं. आधी दिवे आले. मग इंजिन.

मामींना मागच्या सीटवर बसवून सगळे निघाले. आत ऊब होती. टेकडीच्या चढावर नवी गाडी जराही घसरली नाही, आणि मामांनी ते खिडकीबाहेर बघत मनात नोंदवलं.

मागून मामी म्हणाल्या, “जावईबापू, किल्ली गार लागली का हाताला?”

“नाही, मामी. उबदार होती.”

“मग बरं. म्हणजे माझ्याकडून तरी कमी पडलं नाही.” त्या थांबल्या, दम घेतला. “ह्यांच्या गाडीचं कुलूप पूर्वी गोठायचं. तेव्हा रोज किल्ली चुलीमागच्या खिळ्यावर ठेवायचे मी. आता तो खिळा रिकामाच असतो. म्हटलं, तुमची ठेवावी. कोटातून काढते संध्याकाळी, तुम्ही उठायच्या आत परत घालते. बसल्या बसल्या मला दुसरं काय जमतं?”

चुलीमागची भिंत. भिंतीपलीकडे शेड. शेडमध्ये, हातभर अंतरावर, गाडी. किल्ली जवळ म्हणजे मालक दाराशी, असं समजून बिचारी रात्रभर डोळे उघडे ठेवून वाट पाहत होती, तो येतच नव्हता, आणि त्या थंडीत तिचा जीव वाट पाहण्यातच संपत होता.

लेकीनं तोंड उघडलं. जावयानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. मामांनी ते टिपलं. पहिल्यांदाच त्यांना जावयाच्या डोळ्यांत काळंबेरं दिसलं नाही.

वेळ गाठली. मामींना यंत्र मिळालं. दुपारपर्यंत त्यांचा श्वास सरळ झाला.

संध्याकाळी मामांनी बंडीतून म्हातारीची किल्ली काढली आणि मामींपुढं ठेवली. “ही ठेव आजपासून खिळ्यावर. म्हातारीला गरज आहे. त्यांची गाडी तरुण आहे, तिला सोसतं.”

“हो, मामी,” जावई म्हणाला. “माझी दुकानाच्या पिशवीत असते आता, वरच्या खोलीत.”

मामींनी एकदा मामांकडे, एकदा जावयाकडे पाहिलं. “तुम्ही दोघं एका सुरात बोलताय. काहीतरी लपवताय.”

“काही नाही गं.”

“मला संशय येतोय,” मामी म्हणाल्या, आणि किल्ली घेऊन खिळ्याकडे गेल्या.

मामांचा नव्या गाडीवर पुढेही भरवसा बसला नाही. केबल मात्र त्यांनी म्हातारीच्या डिकीतून काढून नवीच्या डिकीत ठेवली. तोच काय तो मान.

मामी आता नाहीत. पण खिळा आहे, आणि म्हातारीची किल्ली अजून त्याच्यावर असते. तर एवढं करा, बाबांनो. गारठ्याच्या सकाळी कधी किल्ली हातात घ्याल आणि ती उबदार लागेल, तर आधी ‘हिला कुणी हात लावला?’ असं मनात आणू नका. त्या माऊलीची आठवण काढा.